टक्के खर्च झाले, फरक काय पडला?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. यात तुमच्या घरपट्टीचा पैसा आहे.

2 डिसेंबरला मतदान झालं, 21 डिसेंबरला निकाल लागले, गुलाल उधळून झाला, डीजेवाल्यांची बिलंही बहुतेक भागली असतील. चार वर्षांच्या आसपास प्रशासकाच्या एका सहीवर चाललेली आपली पालिका पुन्हा लोकनियुक्त झाली. निम्म्या जागांवर बायका बसल्यात. आता फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा होईल. त्यात दरवर्षीच्या दोन ओळी यंदाही असतील. महिला व बालकल्याण 5 टक्के, दिव्यांग कल्याण 5 टक्के. शिवाय दुर्बल घटकांसाठी राखीव तरतूद. बाकं वाजतील, दुसऱ्या दिवशी पेपरात 'भरीव तरतूद' असा मथळा येईल, आणि विषय पुढच्या फेब्रुवारीपर्यंत संपेल.

माझं भांडण या 'संपेल'शी आहे. आपल्या पालिका समानतेसाठी पैसे ठेवतात, तो पैसा खर्चही करतात. पण त्यातून कुणाच्या आयुष्यात काय फरक पडला, हे वर्षाच्या शेवटी कुणी बघत नाही. आणि जे कुणी बघणार नाही हे आधीच माहीत असतं, त्याचं नियोजन तरी कोण कशाला मनापासून करेल?

'टक्केवारी' म्हटलं की गावात वेगळाच अर्थ घेतात, तो विषय आज बाजूला ठेवू. सरळ टक्केवारीचंच बोलतो. समजा एखाद्या पालिकेचं स्वतःचं उत्पन्न 8 कोटी आहे. त्याचे 5 टक्के म्हणजे 40 लाख. म्हणजे महिला-बालकल्याण आणि दिव्यांग मिळून वर्षाला 80 लाख. पाच वर्षांची मुदत धरली तर 4 कोटी. छोट्या गावात 4 कोटींत काय काय होऊ शकतं, जरा डोळे मिटून विचार करा. आणि मग डोळे उघडून आपल्या गावात काय झालंय ते बघा.

काय होतं ते मी वीस वर्षं बघतोय. एप्रिल ते डिसेंबर फाईल झोपलेली. जानेवारीत कुणीतरी विचारतं, 'अहो, महिला-बालकल्याणाचा निधी अखर्चित दिसतोय.' मग धावपळ. शिवणकाम, ब्यूटी पार्लर, झालंच तर मेंदीचे क्लास. एक संस्था येते, तिचा पत्ता भलत्याच तालुक्यातला. समाजमंदिरात महिनाभर वर्ग चालतो, प्रमाणपत्रं वाटली जातात, 8 मार्चला स्टेज लागतं, साडी-गजरा-फोटो. 31 मार्चला बिल निघतं. खर्च शंभर टक्के. सगळे खूश.

मागच्या वर्षी मी माहिती अधिकारात एक अर्ज टाकला. कुठल्या पालिकेत ते लिहीत नाही, कारण मला एका कार्यालयाला झोडपायचं नाही, आणि शेजारच्या चार पालिकांतून वेगळं उत्तर आलं असतं असंही मला वाटत नाही. तीनच प्रश्न विचारले होते. तीन वर्षांत किती महिलांना प्रशिक्षण दिलं? त्यावर किती खर्च झाला? त्यातल्या किती जणी आज त्या कामातून पैसे कमावतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छान तक्ता करून आली, बिलांच्या झेरॉक्ससकट. तिसऱ्याला एका ओळीचं उत्तर होतं. 'सदरची माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही.'

अपिलात गेलो. तिथले अधिकारी तसे सज्जन. सुनावणी संपल्यावर म्हणाले, 'सर, खरं सांगू का, ही माहिती आम्हाला वरून कुणी मागतच नाही.'

वरून काय मागतात? उपयोगिता प्रमाणपत्र. म्हणजे दिलेला पैसा दिलेल्या कामावर खर्च झाला, असा सही-शिक्क्याचा कागद. आढावा बैठकीत विचारतात, खर्चाची टक्केवारी किती? नव्वदच्या वर असेल तर पुढचा विषय. साठ असेल तर मुख्याधिकाऱ्यांना चार शब्द ऐकवले जातात. शंभर टक्के खर्च करून एकाही बाईला रोजगार मिळाला नाही, तर चार शब्द ऐकवणारं कुणी नाही. उलट साठ टक्क्यांत ज्यानं बाजारात बायकांसाठी चांगली स्वच्छतागृहं उभी केली असतील, तो मागे पडलेला ठरतो! अशा परीक्षेत हुशार विद्यार्थी कोणता निघणार, ते तुम्हीच सांगा.

आता आपल्या आठवडी बाजाराकडे या. भाजीच्या ओळीत बसणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी पहाटेच्या गाडीनं आसपासच्या खेड्यांतून येतात आणि संध्याकाळी परततात. मी त्यातल्या काही जणींशी बोललोय. दिवसभर पाणी बेतानं पितात. का, ते बायकांना सांगायला नको, पुरुषांनी जरा समजून घ्या. बाजाराच्या कोपऱ्यात पालिकेनं बांधलेली जी इमारत आहे तिच्या बायकांच्या बाजूला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस पुरुष असतो. मुंबईत 2011 पासून याच प्रश्नावर 'राइट टू पी' नावानं चळवळ चालली. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर मोजायला सुरुवात केली. पुरुषांसाठी किती, बायकांसाठी किती, कुठं पाणी आहे, कुठं कडी आहे, कुठं पैसे घेतात. मागणी त्यानंतर. आपल्या पालिकेला हे मोजायला काय लागेल? एक स्वच्छता निरीक्षक, एक वही, दोन दिवस.

बाजाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं प्रत्येक पालिकेत नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान 40 टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, आणि त्या प्रतिनिधींत किमान एक तृतीयांश बायका. ही समिती जिवंत असती तर कुलुपाचा विषय तिथंच निघाला असता. शेवटची बैठक कधी झाली? त्या बायकांची नावं काय? मी चार आजी-माजी नगरसेवकांना फोन केले. एकानं तर मलाच विचारलं, 'अशी समिती असते का हो?'

दिव्यांगांचं तर बोलायलाच नको. 2016 चा कायदा, त्याचे नियम जून 2017 चे. जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला पाच वर्षांची मुदत होती, म्हणजे जून 2022 ला ती संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात केंद्राला सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते सल्लेवजा असून चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा. हे सगळं दिल्लीत चाललं. इकडे आपल्या पालिकेत दिव्यांग निधीच्या अर्जाचं टेबल पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली रॅम्प आहे, छान स्टीलचं रेलिंग आहे, उद्घाटनाची पाटीही आहे. तो रॅम्प चढून माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचतो.

रॅम्प झाला, खर्च पडला, फोटो निघाला, अहवालात 'इमारत सुगम्य' अशी नोंद गेली. कुबड्या घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र खालच्या बाकावर बसून शिपायाच्या हातानं अर्ज वर पाठवावा लागतो. शिपाई चांगला आहे म्हणून चाललंय. टेबल खाली आणायला किती खर्च येईल? दोन हमाल आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. पण 'दिव्यांगांना टेबलापर्यंत पोचता येतं का?' असा रकानाच नाही कुठल्या नमुन्यात. 'रॅम्प आहे का?' असा आहे. उत्तर, होय.

वस्ती सुधारणेचं तसंच. पूर्वीची दलित वस्ती सुधार योजना, आता तिला अण्णाभाऊ साठेंचं नाव आहे. नाव मोठं झालं, पेव्हर ब्लॉक तेच राहिले. वस्तीच्या कडेनं जाणारा, पलीकडच्या प्लॉटिंगला जोडणारा रस्ता वस्तीच्या नावावर होतो. वस्तीच्या आत गटार उघडंच. आणि ते गटार साफ करणारा कंत्राटी कामगार बहुतेक वेळा त्याच वस्तीतला. हातानं मैला साफ करून घेण्यावर 2013 पासून कडक कायद्यानं बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. भरपाईचा आकडा वाढला, हे बरंच झालं. पण आपल्या कंत्राटदाराच्या माणसांकडे आज हातमोजे आणि गमबूट आहेत का, हे पालिकेच्या कोणत्या बैठकीत विचारलं गेलं? मला कळवा, मी बातमी करतो.

हे आजचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगतो, सगळ्यांना अर्धी माहीत असते. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. 1924 साली महाड नगरपालिकेनं त्याला धरून आपला ठराव केला. कागदावर चवदार तळं सगळ्यांना खुलं झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर पालिकेनं समानतेची 'तरतूद' केली. तळ्यावर मात्र काहीच बदललं नाही, ठराव दप्तरात पडून राहिला. मग 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. आपण त्याला सत्याग्रह म्हणतो, तो होताच. पण पालिकेच्या दप्तराच्या बाजूनं बघितलं तर ती ठरावाच्या अंमलबजावणीची पहिली तपासणी होती. तपासणीचा निकाल काय लागला? परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. पुढं कोर्टात प्रकरण 1937 पर्यंत चाललं, तेव्हा उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं आला.

म्हणून 'फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र' असं भाषणाच्या सुरुवातीला म्हणणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाला माझा प्रश्न आहे. साहेब, तुमचा ठराव तळ्यापर्यंत पोचला का, हे बघायला तुम्ही शेवटचं कधी गेलात?

आता मला काय उत्तरं मिळणार तेही माहीत आहे. गेल्या महिन्यात तीन-चार ठिकाणी हाच विषय काढला, तेव्हा मिळालीत.

पहिलं उत्तर, 'स्टाफ नाही.' हे खोटं नाही. पालिकेत पदं रिकामी आहेत, एकेका लिपिकाकडे तीन टेबलं, मुख्याधिकारी वर्ष-दोन वर्षांत बदलून जातात. त्यांच्या जागी बसून बघितलं तर मलाही घाम फुटेल. पण मी त्यांच्याकडे पीएच.डी. मागत नाहीये. प्रशिक्षण घेतलेल्या साठ-सत्तर बायकांचे मोबाईल नंबर पालिकेकडेच आहेत. सहा महिन्यांनी एक फोन करून विचारायचं, 'ताई, मशीन चालू आहे का? महिन्याला काही सुटतं का?' दोन दुपारचं काम. बचत गटांच्या समूह संघटक ताईंना सांगितलं तर त्या एका दिवसात आणून देतील, त्यांना घरन् घर माहीत असतं.

दुसरं उत्तर, 'बायका स्वतः काही मागतच नाहीत.' कुठं मागणार? क्षेत्रसभेची तरतूद पालिका कायद्यात येऊन कितीतरी वर्षं झाली, आपल्या गावात एक तरी झालेली कुणाला आठवते का? खेड्यातल्या मित्रांनो, तुमच्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी ठेवायचे असतात. तुमची महिला सभा होते की नुसती सह्यांची वही घरोघर फिरते, ते तुम्हीच बघा. मी शहराचं लिहितोय, पण फार फरक असेल असं वाटत नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त खटकलं. 'आता निम्म्या बायका निवडून आल्यात, अजून काय समानता पाहिजे?' देणाऱ्यानं हे हसत हसत दिलं. 1993 पासून एक तृतीयांश, आणि 2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा. मोठी गोष्ट आहे, कुणी कमी लेखू नये. यातूनच आलेल्या काही नगरसेविकांनी भल्याभल्यांना घाम फोडलाय, मी त्यांच्या सभा कव्हर केल्यात. पण खुर्ची मिळणं ही सुरुवात झाली. सभेच्या दिवशी पालिकेच्या पोर्चमध्ये गाड्यांतून कोण उतरतं ते बघा. वहिनी आत सही करतात, दादा बाहेर इंजिनिअरला सांगतात गटार कुठून न्यायचं. हजेरीपटावर उपस्थिती शंभर टक्के. किती ठरावांवर नगरसेविका स्वतः बोलल्या, हे इतिवृत्तात शोधायला बसलात तर चष्मा लागेल.

बाहेर वेगळं चालतं का? केरळात 1996 ला लोकनियोजन मोहीम सुरू झाली, आणि तेव्हापासूनच्या काळात स्थानिक संस्थांना योजना निधीतले किमान 10 टक्के महिला घटक योजनेसाठी ठेवायची सक्ती आली. तिथंही सुरुवातीला पैसा नावापुरता उडवल्याची टीका झालीच. पण 1998 नंतर कुटुंबश्रीचे गट उभे राहिले, आणि गल्लीतल्या बायकांची मागणी पंचायतीच्या आराखड्यात जायची वाट तयार झाली. मागणाऱ्या बायका संघटित असल्या की पुढच्या वर्षी येऊन हिशोबही विचारतात. इंग्लंडात 2010 चा समानता कायदा आहे. त्याखाली तिथल्या कौन्सिलांना समानतेबाबतची माहिती दरवर्षी जाहीर करावी लागते, आणि निदान चार वर्षांतून एकदा मोजता येईल असं उद्दिष्ट लिहून द्यावं लागतं. कागद रंगवणारे तिथंही असतील. पण कागदावर आकडा जाहीर लिहिलेला असला की विरोधकाला आणि पत्रकाराला पकडायला काहीतरी मिळतं. आपल्याकडे पकडायलाच काही नसतं. 'महिला सक्षमीकरण' या शब्दाला कुठून पकडणार?

तेव्हा नव्या सभागृहाकडे मागणी सोपी आहे. जीआरची वाट बघायची गरज नाही. सर्वसाधारण सभेच्या साध्या ठरावानं होईल असं काम आहे. अंदाजपत्रकात 5 टक्क्यांच्या ओळीखाली रकमेसोबत एक वाक्य लिहा, की या पैशानं मार्च 2027 पर्यंत नेमकं काय बदललेलं दिसेल. 'बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप कायमचं निघेल, पाणी येईल, किल्ली बाईकडे असेल.' असं वाक्य. 'दिव्यांगांची सगळी कामं तळमजल्यावर होतील.' असं वाक्य. आणि दर तीन महिन्यांनी महिला व बालकल्याण समितीच्या सभापतींनी उठून ते वाक्य खरं झालं की नाही एवढंच सभागृहात वाचून दाखवायचं. नाही झालं तर नाही झालं म्हणायचं, का नाही झालं ते सांगायचं. इतिवृत्तात यायला पाहिजे. सफाई कामगारांचे हातमोजे, वस्तीतलं उघडं गटार, कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कायद्यानं लागणारी अंतर्गत समिती आणि तिच्यातल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलीत का, हेही त्यातच.

एक सावधगिरीची सूचना नव्या नगरसेविकांना. 5 टक्के नेमके कशाचे काढलेत हा प्रश्न सभेत पहिल्यांदा विचारा. एकूण उत्पन्नाचे, की बरंच काही वजा केल्यावर उरलेल्याचे? आकडेमोड लेखापालांना सभागृहात समजावून सांगायला लावा, केबिनमध्ये नको. आणि मागच्या वर्षांचा अखर्चित पैसा कुठं गेला, प्रशासकाच्या काळात तो कशावर वळवला गेला का, हेही लेखी मागा. ताई, लेखी. तोंडी उत्तराला पालिकेत किंमत नसते.

मी माझ्याकडून दोन गोष्टी करतोय. अंदाजपत्रकाच्या सभेला पत्रकार कक्षात बसणार आहे आणि त्या ओळीखाली वाक्य आलं की नाही ते त्याच दिवशी इथं टाकणार आहे. दुसरं, गेल्या तीन वर्षांत पालिकेच्या शिवण किंवा पार्लरच्या वर्गाला गेलेल्या बायका मला शोधायच्या आहेत. तुमच्या गल्लीत कुणी असेल तर त्यांना विचारून मला इनबॉक्समध्ये कळवा. नंबर कमेंटमध्ये टाकू नका. मी त्यांना एवढंच विचारणार आहे, की मशीन चालू आहे का. आलेल्या उत्तरांचा हिशोब, नावं न छापता, सभेच्या आधी सभापतींच्या टेबलावर ठेवतो, म्हणजे 'माहिती संकलित केली जात नाही' हे उत्तर निदान यंदा तरी देता येणार नाही.